गड्याला डोळे देणारा मेव्हणा

अखिल वसई तालुक्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावाचून कशालाही 'हो' न म्हणणारा एकच इसम शिल्लक आहे आणि तो माझ्या पत्नीचा सख्खा धाकटा भाऊ आहे. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे. गेली कित्येक वर्षे मी कचेरीबाहेर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहितो. शाळेने मला नववीतच निरोप दिला असला, तरी माझ्या लेखणीतून उतरलेला शब्द साहेबांच्या टेबलापर्यंत ताठ मानेने जातो आणि अतिशयोक्तीचा दोष माझ्या मजकुरात आजवर कोणाला काढता आलेला नाही. आमच्या घरी हा जेवायला आला की पत्नी सांगते, "गॅस बंद केलाय रे." हा "बरं" म्हणतो, पाटावरून उठतो, आत जाऊन शेगडीची कळ पाहतो, सिलिंडरची पाहतो आणि मगच पहिला घास घेतो. बाजारात पापलेट घ्यायचे तर कल्ले उचलून पाहील, पोट दाबून पाहील, उन्हाकडे धरून पाहील. एकदा कोळणीने कमरेवर हात ठेवून त्याला भर बाजारात विचारले, "पापलेट घेनार हायस का तिच्याशी लगीन लावनार हायस?" त्यावर हा शांतपणे म्हणाला, "लग्न लावायचं असतं तर अजून एकदा पाहिलं असतं." त्याचे लग्न अद्याप झालेले नाही, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे.

तुळिंजला तो सदनिका पाहण्यास गेला, तेव्हा दाखवणाऱ्या गृहस्थाने चोवीस तास पाणी असल्याची ग्वाही दिली. दुसरा कोणी असता तर मान डोलावून बाल्कनीकडे वळला असता. याने एक स्टूल मागवले आणि नळासमोर बैठक मारली. सकाळी पाणी आले. दुपारी नळाने केवळ उसासे टाकले. "चहा सांगून येतो," म्हणून गेलेला तो गृहस्थ अद्याप चहा सांगतोच आहे. पुढे मनवेलपाड्यात याने जे घर घेतले, तेथेही पाणी दिवसातून एकच वेळ येते. परंतु ते चोवीस तास येत नाही हे आपण प्रत्यक्ष पाहून घेतले, याचा त्याला कोण अभिमान!

असा मनुष्य संगणकाच्या धंद्यात शिरला तर काय होणार, ते झाले. हल्ली माणसाच्या वतीने संगणकावर कामे उरकणारे बुद्धिमान यंत्र निघाले आहे. त्यास ते लोक एजंट म्हणतात. आमच्या कचेरीच्या आवारात हा शब्द फारसा प्रतिष्ठित नसल्याने मेव्हण्याने माझ्याकरिता 'गडी' असा शब्द काढला. या गड्याला सांगावे, अमुक अर्ज भर. की तो इंटरनेटवरचे पान उघडतो, रकाने भरतो, बटण दाबतो. "पण भावोजी," मेव्हणा मला सांगू लागला, "सगळ्यांनी त्याला हात दिले, डोळे कोणी दिलेच नाहीत. पान पुरतं उघडलं नसलं तरी हा बटण दाबतो. बटण मेलेलं असलं तरी दाबतो. आणि वर सांगतो, काम झालं!" सबब याने गड्यासाठी पाहण्याची अवजारे बनवण्याचा ध्यास घेतला: पानावर या क्षणी काय आहे, कोणत्या रकान्यात कोणता शब्द बसला आहे, कोणते बटण झोपले आहे, कोणती सूचना कोपऱ्यात येऊन गुपचूप निघून गेली, हे सारे गड्याला पानाच्या पोटात शिरून वाचता आले पाहिजे. वरिष्ठांचे म्हणणे, पडद्याचा फोटो दाखवला की पुरे, आणि काम झटपट झाले पाहिजे. याने भर बैठकीत उत्तर दिले, "फोटो बघून तुम्ही पापलेट घेता का?" त्याला समज देण्यात आली. त्याने समज घेतली नाही. "मला काढायचं तर काढा, आंधळा गडी मी कामावर पाठवणार नाही," असे त्याने लेखी कळवले, आणि तो मजकूर, सांगण्यास हरकत नाही, माझ्याच लेखणीचा होता.

तथापि आमचे वैरही होतेच. हा गडी उद्या माझेच टेबल उचलणार, हे मला दिसत होते. "मेव्हणेबुवा," मी म्हणे, "तुमच्या गड्याला 'सबब विनंती' कुठे घालावी हे कळतं का?"

"नाही कळत. पण तुमची विनंती पोचली की नाही हे तुम्हाला तरी कुठं कळतं?"

"मी लिहिलेली विनंती पोचतेच!"

"पाहिलंत?"

या एका शब्दावर आमचा संवाद नेहमी संपत असे.

असाच एके दिवशी, त्याला सुट्टी आणि कचेरी चालू, तो माझ्या टेबलाशी बसलेला असताना पाचूबंदरची कातरीन मावशी आली. वादळात तिची होडी किनाऱ्यावर आपटून फुटली होती. दुरुस्तीच्या मदतीसाठी अर्ज इंटरनेटवरूनच करायचा होता आणि मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. होडी दुरुस्त न झाली तर येणारा हंगाम तिच्या मुलाला दुसऱ्याच्या होडीवर मजुरीने काढावा लागणार होता. "भाऊ, दोनदा परत धाडला," ती म्हणाली. "गाव चुकला म्हंतात. जल्माला तितं आले, लगीन तितं झाला, नि माजा गाव मी चुकेन काय?" दोनदा परत आलेला अर्ज पुन्हा भरता येत नव्हता, तो साहेबांना खुला करावा लागे.

मी तिला घेऊन तडक आत गेलो. मेव्हणा काखेत लॅपटॉप घेऊन मागोमाग. साहेबांनी पडद्याकडे एकवार पाहून निकाल दिला, "मावशी, चूक तुमच्याकडूनच झालीय. गाव अर्नाळा भरलंय, तेही दोनदा. आता माझ्या हातात काही नाही."

मी घसा साफ केला. "सबब, अर्जदार ही निराधार विधवा असून..."

"भावोजी, जरा थांबा," मेव्हणा म्हणाला, आणि त्याने लॅपटॉप थेट साहेबांच्या फायलींवर ठेवला. "साहेब, कोरा अर्ज उघडलाय. तुम्ही भरा."

"मी?"

"तुमच्याच हातानं. माझा गडी कशालाही हात लावणार नाही, फक्त बघेल आणि बोलेल."

साहेब संतापले. शिपायाला बोलावण्याची भाषा झाली. हा हलेना. "बोलवा. तोही बघेल," म्हणाला. अखेर, ही ब्याद टळावी म्हणून असेल, साहेबांनी तालुका निवडला, गाव निवडले. गड्याचा संथ, सपाट आवाज आला: "तालुका वसई. गाव पाचूबंदर."

"बरोबर आहे की!" साहेब म्हणाले.

"पुढं चला, साहेब."

पुढे बँकेची माहिती होती. पान वर सरकले, गावाचा रकाना नजरेआड गेला. साहेबांनी बँक निवडली, शाखा निवडली आणि त्याच क्षणी गडी बोलला, "गाव बदलले. आता अर्नाळा."

साहेबांनी हात असा मागे घेतला की जणू विंचू दिसला. "मी गावाला हात लावलेला नाही!"

"मावशीनंही लावला नव्हता," मेव्हणा म्हणाला.

शाखा निवडली की पान स्वतःच गावांची यादी पुन्हा आणत होते आणि यादीतले पहिले नाव त्या रकान्यात बसवत होते. जे पडद्यावर दिसतच नव्हते, ते फोटोत कोठून दिसणार? मी ताबडतोब उभा राहिलो. "सबब अर्जदाराचा कसूर नसून सदर पानाचाच कसूर असल्याचे सिद्ध..."

"गप्प बसा हो जरा," साहेब म्हणाले, "मला परत बघू द्या."

साहेबाच्या तोंडून 'बघू द्या' हे शब्द ऐकून माझ्या मेव्हण्याचा चेहरा लग्न ठरल्यासारखा उजळला. साहेबांनी पुन्हा केले, पुन्हा तेच झाले. मग त्यांनी कोठेतरी फोन केला, जरा वरच्या पट्टीत बोलले, आणि मावशीचा अर्ज खुला झाला. पाचूबंदरहून परत आलेले इतर अर्जही आपण काढून पाहू, असे ते स्वतःहून म्हणाले.

कचेरी सुटण्याची वेळ होत आली होती. गड्याने अर्ज भरला, बँक आधी आणि गाव शेवटी. "चला, दाबा आता!" मी म्हणालो. मेव्हण्याने मान हलवली. पाठवण्याआधी गडी सगळे पान वाचून दाखवणारच. तो नियम त्याने आपल्या वरिष्ठांसाठी मोडला नव्हता, माझ्यासाठी कुठला मोडणार? गडी वाचू लागला. गाव पाचूबंदर. होडी लाकडी. अर्जदार कातरीन. होडीचे मूळ मालक, अर्जदाराचे मयत पती, इनास.

मावशीने पदर तोंडाशी नेला. आम्ही तिघेही दचकलो. वाटले, पुन्हा काही चुकले.

"काय झालं मावशी? नाव चुकीचं आहे का?" मेव्हण्याने विचारले.

"नाय रे बाबा, बराबर हाय. त्यांचा नाव मी कदी घेतला नाय तोंडान. आमच्यात घेत नाय. आता घरात कोन घेनारा पन नाय." मग लॅपटॉपकडे बोट करून हळूच म्हणाली, "त्याला सांग, तेवडाच परत वाच."

मी घड्याळाकडे पाहिले. साहेबांनीही पाहिले, आणि ते फायली आवरण्याचे निमित्त करून बसून राहिले. मेव्हण्याने आवाजाची गती मुद्दाम कमी केली. त्या रिकाम्या होत चाललेल्या कचेरीत गड्याने एका कोळ्याचे नाव पुन्हा उच्चारले, सावकाश, आणि मावशी डोळे मिटून ऐकत राहिली. तिने आपणहून डोळे उघडून मान हलवली, तेव्हाच माझ्या मेव्हण्याने तिला बटण कोठे आहे ते दाखवले.