आठ स्क्रूंचं घड्याळ

महाडच्या बाजारपेठेत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हा माझा एक नियम होता: मागचं झाकण उघडल्याशिवाय घड्याळाबद्दल बोलायचं नाही. तबकडीवर कंपनी काहीही छापते, गिऱ्हाईक काहीही सांगतं. मामाने दुबईहून आणलंय म्हणून मिरवलेल्या घड्याळांतून मी प्लास्टिकची चाकं काढून दाखवलेली आहेत. धंद्यामुळे मी संशयी झालो, की संशयी होतो म्हणून धंद्यात टिकलो, हे मला अजून कळलेलं नाही. बायको म्हणते, दुसरं खरं.

नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. माझा शाळेतला मित्र दुकानात आला. पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्यालगतच्या वाडीतला. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो, मग तो मुंबईला गेला आणि बावीस वर्षं एका म्हाताऱ्या शेठची गाडी चालवत राहिला. शेठचा विषय निघाला की हा खुर्चीत सरळ होऊन बसायचा. याच्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा शेठ स्वतः दवाखान्यात येऊन बसले होते, हे मी त्याच्याकडून दहादा तरी ऐकलं असेल. आता शेठनी गाडी विकली होती. निरोप देताना त्यांनी आपल्या हातातलं घड्याळ काढून याच्या मनगटावर चढवलं होतं.

"बघ रे जरा," तो म्हणाला. "शेठ बोल्ले, सोन्याच्या घड्याळापेक्षा म्हाग हाय. जपून वापर."

मी घड्याळ हातात घेतलं आणि मला हसूच फुटलं. स्टील! आमच्याकडे स्टील म्हणजे डबे, पातेली, फार तर लग्नात नाव घालून द्यायचा तांब्या. सोनं महाग का, ते मला कळतं. मोडीत दिलं तरी सोनार उठून बसायला पाट देतो. स्टीलच्या मोडीला भंगारवाल्याशिवाय कोण विचारतं? आणि रूप तरी काय! काच गोल, तिच्याभोवतीची कड आठ कोनांची, आणि त्या कडेवर आठ स्क्रू उघडेच. गावातला सुतारसुद्धा खिळ्याचं डोकं बुजवतो. इथे स्क्रू दागिन्यासारखे मिरवलेले. पट्टा घड्याळाच्या अंगातूनच निघालेला, म्हणजे तुटला तर बाजारातला दुसरा बसायचा नाही. हे डिझाइन ज्याने केलं त्याने कधी दुरुस्ती केलेली नाही, एवढं मी पैजेवर सांगितलं असतं.

उघडायला गेलो तर मागे झाकणच नाही. सपाट पाठ, तिच्यावर आठ बारीक गोल टिकल्या, रिव्हेटसारख्या. मग मी पुढच्या एका स्क्रूला पेचकस लावला. फिरेना. तेलाचा थेंब सोडला, थांबलो, जोर केला. पेचकस निसटला आणि कडेवर ओरखडा उठला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आठही स्क्रूंच्या खाचा एकाच वळणात होत्या. हाताने आवळलेले स्क्रू असे शिस्तीत थांबत नाहीत. एकाची खाच इकडे, दुसऱ्याची तिकडे. म्हणजे हे स्क्रू शोभेचे. आणि बाहेर शोभेचे स्क्रू लावणारा आत काय घालणार?

"खोटं आहे," मी म्हणालो. झाकण न उघडता म्हणालो.

"शेठ खोटं नाय बोलायचे."

"अरे, शेंडी लावली तुला तुझ्या शेठने."

त्याने घड्याळ रुमालात गुंडाळून खिशात टाकलं. मी मागवलेला चहा त्याने घेतला नाही.

पाचसहा महिन्यांनी तो पुन्हा आला. पोलादपुरात वाण्याकडे फोन आला होता: शेठ अंथरुणाला खिळलेत, एकदा येऊन जा म्हणतात. "जाऊ का रे?" त्याने मला विचारलं. मला विचारायची काही गरज नव्हती, पण विचारलं.

मी म्हणालो, "बावीस वर्षं झिजलास, त्याचं काय मिळालं ते बघितलंस ना? आता उशाशी बसायला फुकटचा माणूस हवा असेल."

तो गेला नाही. पंधरवड्याने शेठ गेल्याचा फोन आला. तेव्हाही तो गेला नाही.

चारपाच वर्षं उलटली. महाबळेश्वरला निघालेल्या एका गाडीतले गृहस्थ पट्ट्याची निसटलेली पिन घेऊन दुकानात आले. घड्याळ हुबेहूब मित्राच्या घड्याळासारखं. तेच आठ कोन, तेच आठ स्क्रू, खाचा तशाच शिस्तीत. मी हसत म्हणालो, "साहेब, हे स्क्रू शोभेचे आहेत." ते माझ्यापेक्षा जास्त हसले. त्यांनी घड्याळ पालथं केलं आणि म्हणाले, "पुढून नाही फिरत ते. मागून उघडतात." मी भिंग लावलं. टिकल्यांना केसासारख्या खाचा होत्या. पुढची डोकी आपापल्या खोबणीत घट्ट बसवलेली, म्हणून खाचा एका वळणात. त्यांनी किंमत सांगितली. तेवढ्यात पोलादपुरात घर उभं राहिलं असतं. वर दुकानदार नंबर लावायला सांगतो म्हणे, आणि माणसं वाट बघतात.

स्टीलला ही किंमत लावणारा, आणि पैसे घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणारा माणूस मला आजही लबाड वाटतो. माल मुद्दाम कमी काढायचा आणि हाव वाढवायची, दुसरं काय? पण लबाडी असलीच तर ती घड्याळ बनवणाऱ्याची होती. शेठची नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी वाडीवर गेलो. तो ओटीवर विळ्याला मूठ बसवत होता. मी सगळं सांगितलं, टिकल्यांसकट. तो आत जाऊन पत्र्याच्या पेटीतून घड्याळ घेऊन आला. बंद पडलेलं होतं. कडेवर माझ्या पेचकसाचा ओरखडा होता.

त्याने त्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "ह्ये खरं असल तर मी कोन झालो रे? त्यो मानूस बोलवीत व्हता, नि मी हितं बसून ऱ्हायलो."

"चूक माझी होती," मी म्हणालो.

"तू नुसता बोल्लास. गेलो नाय मी." त्याने घड्याळ माझ्यापुढे धरलं. "बघ रे जरा नीट. खोटंच हाय ना?"

मी खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. घड्याळ पालथं केलं. आठही टिकल्यांतल्या खाचा मला स्वच्छ दिसल्या.

"खोटंच आहे," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही.