पस्तीसला पास

आमच्या पद्मजाचा नवरा गंगाधर सोलापुरातल्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. दहावीचे पेपर तपासून तपासून त्याच्या मनात एकच आकडा पक्का बसलेला, पस्तीस. तेवढे मार्क पडले की पोरगं पास. मी पद्मजाची थोरली बहीण. हा माणूस पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात जायचा.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नाही, म्हणून दोघं टेस्ट ट्यूबच्या दवाखान्यात गेली. तिथे तीन गर्भ तयार झाले, ते गोठवून ठेवले. पहिला गर्भ आत सोडण्याआधी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यश येण्याची शक्यता चाळीस टक्के." पद्मजाचा चेहरा उतरला. गंगाधर मात्र खूश. बाहेर येऊन त्याने मला फोन केला, "अक्का, चाळीस! पास झालो की!" शंभर बायकांतल्या साठ रिकाम्या हाताने घरी जातात, एवढं गणिताच्या मास्तरला कळू नये? त्याने शाळेत पेढेसुद्धा वाटले.

मग रक्ताचा रिपोर्ट आला. गर्भ राहिला नव्हता.

"पास होणारं पोर तू नापास केलंस," म्हणत त्याने तिचे केस धरून तिला भिंतीवर आपटलं. पाण्याचा तांब्या उचलून तोंडावर हाणला. शेजारणीचा फोन आला म्हणून मी धावत गेले, तर तिचा पुढचा दात फरशीवर पडलेला आणि हा अजून लाथा घालतच होता. मी ओट्यावरचं लाटणं घेतलं आणि त्याच्या मनगटावर असं घातलं की तो बोंबलत खाली बसला. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

पद्मजाला मी माझ्या घरी आणलं. पण दोन गर्भ अजून दवाखान्यात होते आणि तिचा जीव तिथेच अडकलेला. नवऱ्याची सही नसेल तर ते मिळणार नव्हते. शेवटी ती त्याच्याबरोबर पुन्हा जायला तयार झाली. मी तिच्याशी कडाकडा भांडले आणि सोबतही गेले.

दवाखान्यात दोघांनी सही करायच्या कागदावर गंगाधरने आपली सही ठोकली. "मॅडम, ह्या वेळी किती टक्के?"

"तेवढेच. चाळीस."

"बघ, परत पास हाय," तो हसत पद्मजाला म्हणाला. "आता माती केलीस तर जित्ती ठेवणार न्हाय."

पद्मजाने पेन खाली ठेवलं. पडलेल्या दातामुळे तिचे शब्द नीट उमटत नव्हते. "मॅडम, पोर झालंच, तर ते ह्यांच्या हातून वाचायची शक्यता किती टक्के?"

गंगाधरने तिथेच हात उगारला. मी मध्ये घुसले, ती थप्पड माझ्या कानावर बसली. दवाखान्यातल्या दोघांनी त्याला धरून बाहेर ओढत नेलं.

पद्मजाने सही केली नाही. माझा हात धरून ती रिक्षापर्यंत ताठ चालत आली. आत बसल्यावर मात्र तिने हंबरडा फोडला.

"अक्का, माझी दोन लेकरं तितंच ऱ्हायली की गं."