नोराल्बाची कॉलर

माझी धाकटी बहीण नोराल्बा बावीस वर्षं इटागुई शहरातल्या एका शर्टाच्या कारखान्यात कामाला होती, आणि त्या बावीस वर्षांत तिनं एकही शर्ट शिवला नाही. तिनं कॉलरी शिवल्या. डावीकडून कापडाचे तुकडे यायचे, उजवीकडे कॉलरी जायच्या. पुढं त्या कुणाच्या गळ्याला लागायच्या, तिला काही पत्ता नसे.

मी घरी शिवते. गल्लीतल्या निम्म्या पोरींचे चर्चमधले पांढरे झगे माझ्या हातचे. त्यामुळं कुणी नोराल्बाला विचारलं, "शिवणकाम येतं का हो?" की मीच तोंड घालायचे, "गळ्यापुरतं येतं. खाली उघडाच कारभार!" सगळे हसायचे, तीही हसायची. तिला ते लागत असेल, असं माझ्या कधी मनातही आलं नाही.

यंदा तिची नात युलिएथ आणि तिच्या मैत्रिणींनी कॉस्प्लेच्या, म्हणजे कार्टूनमधल्या पात्रांचे पोशाख घालायच्या, स्पर्धेत भाग घ्यायचं ठरवलं. एका जपानी कार्टूनमधल्या जहाजावरची सगळी टोळी त्या होणार होत्या. फक्त पिकल्या केसांची कप्तान मिळत नव्हती.

"आजी, तू हो ना! केस तर तुझे घरचेच आहेत."

नोराल्बा लाजली आणि हो म्हणाली. मग कळलं की नियम कडक आहे. ज्यानं घालायचं त्यानंच शिवायचं. मी मदतीला मशीनचं झाकण काढलं, तर तिनं माझा हात बाजूला केला.

"ताई, तू हात लावायचा नाहीस. सांगायचंसुद्धा नाहीस. एकदा तरी मला अख्खा कपडा शिवू दे."

कप्तानाचा ब्लाउज म्हणजे फुगीर बाह्या, छातीवर झालर आणि ताठ उंच कॉलर. कॉलर तिनं आधी केली. माझं प्यायचं चॉकलेट उकळेपर्यंत ती तयार होऊन टेबलावर पडलीही होती. पुढचे तीन आठवडे मात्र बघवत नव्हते. डावी बाही उजव्या मुंढ्यात बसवली. उसवली. मग झालर उलटी लागली. एकदा आरशासमोर अर्धा ब्लाउज धरून म्हणाली, "बाई गं, अंग कुठं कसं वळतं ते या कापडाला कसं कळायचं?" मला सगळं ठाऊक होतं. जीभ चावून मी मक्याच्या जाड आरेपा भाजत बसले आणि त्यातल्या दोन जाळल्या.

स्पर्धा एका शाळेच्या सभागृहात होती. परीक्षक निळ्या केसांची एक तरतरीत पोरगी होती, कातेरिने नावाची. ती प्रत्येकाचा पोशाख उलटा करून आतली शिवण बघत होती. नोराल्बानं आत बनियन घातलं होतं. तिनं ब्लाउज काढून दिला.

"इथं बाही चुणलीय, आजी."

"हो गं. तीनदा उसवली. नाही जमली."

पोरगीनं मान डोलावली आणि कॉलर हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली, टोकावरून नख फिरवलं. चेहरा बदलला.

"ही दुकानातल्या शर्टाची काढून लावलीय ना?"

"नाही. माझी आहे."

"आजी, घरी अशी कॉलर होत नाही. बाकीचा ब्लाउज बघा आणि ही बघा. तयार वस्तू लावली असेल तर मला तुम्हाला बाद करावं लागेल."

युलिएथ रडायलाच लागली. माझा संताप अनावर झाला. "अहो, तिला तेवढंच येतं!" मी ओरडले. सभागृहभर ऐकू गेलं. आयुष्यभर जे चेष्टेनं म्हटलं, तेच तिच्या बाजूनं साक्ष म्हणून निघालं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नोराल्बा शांत होती. कोपऱ्यात उसवलेलं शिवून घेण्यासाठी एक मशीन ठेवलं होतं. तिथं जाऊन ती म्हणाली, "कापड आहे का? आणि ताठपणासाठी आत घालायला थोडं बकरम?"

बसली. पाठ अशी ताठ झाली की मला ती वीस वर्षांची दिसली. कात्री एकदाच फिरली, खूण नाही, माप नाही. टोकाशी आली की ती एक धागा दुमडून आत अडकवायची आणि पुढं जायची. उलटवताना तो धागा ओढला, तसं टोक सुईसारखं बाहेर आलं. डोळे कापडावर नव्हतेच, समोर कुठंतरी होते. चिलखतवाले, पंखवाले, शिंगवाले, सगळे गोळा झाले होते. मी चाळीस वर्षं शिवतेय. इतकं सुंदर काम मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्याच घरात राहत होतं.

कातेरिनेनं नवी कॉलर जुनीवर ठेवली. टोकाला टोक भिडलं. खालची दिसेनाशी झाली.

तिनं हातातल्या कागदावर लिहिलेलं 'बाद' खोडलं. "आजी, माफ करा," ती म्हणाली आणि कुणी सांगितलं नसताना ताठ उभी राहिली. मग बाकीचेही सरळ उभे राहिले.

नोराल्बानं ब्लाउज अंगात घातला. चुणलेल्या बाहीसकट ती खरंच कप्तान दिसत होती. नवी कॉलर उचलून ती माझ्याकडे आली आणि माझ्या गळ्याला लावून बघू लागली. मला रडू आवरेना.

"हलू नकोस," ती म्हणाली. "तुझा गळा मी कधी मापलाच नाही."