तळं उजव्या हाताला

सातवी पास होऊन मी वर्षभर घरी बसले होते. पुढची शाळा कट्ट्याला, आमच्या गावापासून चांगली लांब. दादा तिथे सायकलने जाऊन मॅट्रिक झाला. आता तो मुंबईला नोकरीला जाणार आणि त्याची सायकल पडवीत उभी राहणार, हे ठरल्यापासून मी बाबांच्या मागे भुणभुण लावली होती. बाबांचं उत्तर एकच, "बघूया." आमच्या घरात 'बघूया' म्हणजे 'नाही' असतं, हे मांजरालाही कळत होतं.

सायकल मला येत होती. भात कापून झालं की मोकळ्या मळ्यात सायकलच्या आडव्या नळीखालून पाय घालून मी ती शिकले होते, गुडघे फोडून घेतले होते आणि आयेने त्यांना हळद लावताना बाबांना काही कळू दिलं नव्हतं. पण मळ्यात फिरवणं वेगळं आणि रस्त्याने शाळेत जाणं वेगळं, असं बाबांचं म्हणणं.

त्या वर्षी जत्रेला दादाचा एक मित्र मुंबईहून आला. आम्ही त्याला मुंबईकरच म्हणायचो. गळ्यात शिटी, डोक्यावर पांढरी टोपी, आणि बोलणं असं की कुलाब्याचा दीपस्तंभ यानेच बांधला. मुंबईत त्याने मित्रांबरोबर सायकलींची सहल काढली होती म्हणे, आणि सहलीमागे सामानाची मोटार होती. आता तशीच सहल त्याला धामापूरच्या तळ्याभोवती काढायची होती. दादा आणि त्याचे मित्र लगेच तयार झाले.

बैठका आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात. मुंबईकराने सारवलेल्या जमिनीवर कोळशाने तळं काढलं, आणि आये त्याच्यावर खेकसली, कारण सारवण तिचं होतं. तळ्याला लागून सगळीकडे रस्ता नव्हताच. कुठे गाडीवाट, कुठे मळ्याची मेर, म्हणजे अरुंद बांध, कुठे डोंगराच्या मागून वळसा. देवळाच्या बाजूला मोठी चढण. मुंबईकर म्हणाला, अंगात दम आहे तोवर चढण आधी घेऊ, म्हणजे तळं डाव्या हाताला ठेवून जाऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण मला कुणी विचारलं नव्हतं.

मग मोटारीचा प्रश्न. मोटार कुठली आणणार? बाबांचं कट्ट्याच्या बाजारात नारळ-सुपारीचं दुकान, त्यामुळे दारात बैलगाडी होती. गाडीत पंप, सोल्युशन, ट्यूबचे तुकडे, पाण्याची घागर आणि जेवण ठेवायचं ठरलं. पण गाडी सायकलींच्या मागे ठेवली तर ती संध्याकाळपर्यंत पोचणार नाही, आणि पुढे ठेवली तर पडलेल्याला उचलणार कोण, यावर दोन दिवस भांडण चाललं. शेवटी ठरलं की गाडीने झुंजुमुंजूला निघावं आणि चढणीवरच्या आंब्याखाली आमची वाट बघावी. जेवणावर तर त्याहून मोठं भांडण. पोरांना सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं सुकं हवं होतं. आये म्हणाली, "देवीच्या दारातसून जातलास आणि गाडयेत सुंगटां? जीभ आवरा जरा." मग आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी यावर तह झाला.

हे सगळं मी दाराआडून ऐकत होते. एके दिवशी दादा सहज म्हणाला, "हिका पण घेवया. हिका माजी सायकल, मी भाड्याची घेतंय." बाबा सुपारी कातरत होते. कातरणं थांबलं. मी मनात म्हटलं, आता 'बघूया' येणार.

पण आये आतून बाहेर आली आणि म्हणाली, "गाडयेत मी बसतंय. माज्या नजरेसमोर ऱ्हवात ता."

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "गाडी थांबात थंय ही आवशीक दिसाक होयी. गाडी नाय, तर ही पण नाय."

गाडी थांबेल तिथे आयेच्या नजरेस पडायचं, एवढी अट मी हसत घेतली. मी ओळखलं होतं की ही माझी परीक्षा आहे. तळ्याभोवती धड जाऊन आले तर जूनमध्ये शाळा. पडले, रडले, गाडीत बसून आले, तर सायकल पडवीत आणि मी चुलीपाशी. त्या आठवड्यात मी देवाला इतके नवस बोलले की ते सगळे फेडायचे तर आमची केळीची बाग संपली असती.

सहलीच्या दिवशी अंधारातच आयेने मला स्वतःचं जुनं नऊवारी लुगडं काष्टा घालून नेसवलं. "नळीर पाय टाकताना अडकाचा नाय," म्हणाली, आणि गाडीवानाच्या मागे गाडीत जाऊन बसली. बैलांच्या घुंगरांचा आवाज वळणापलीकडे गेला. उजाडल्यावर आम्ही आठ जण सायकली घेऊन निघालो, आणि बाबा आम्हाला देवळापर्यंत पोचवायला आले.

देवीला गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्याकडे कोणी नांगरसुद्धा जुंपत नाही. मग सायकली कशा सुटणार? गुरव सोवळं नेसून तयारच होता. त्याने विचारलं, "किती जणां? आणि खंयच्या वाटेन जातलास?"

मुंबईकराने शिटी सावरत सगळा बेत सांगितला. डाव्या हाताला तळं, आधी चढण, मग सपाटी.

गुरव त्याच्याकडे बघतच राहिला. "देवीच्या तळ्याक उलटी प्रदक्षिणा? मेल्यांनो, मुंबयेक देव नाय काय?"

आठ जणांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. पेरणीपासून मोदकापर्यंत सगळं देवीला विचारून करणारी आमची माणसं, आणि तळ्याला कोणत्या अंगाने फिरायचं हेच विसरली. बाबांनीही कपाळाला हात लावला. मुंबईकराचं तोंड बघून मला हसू आवरेना. गुरवाने मात्र वेळ घालवला नाही. डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"बाय देवी माते, म्हाराजा! आज ही तुजी लेकरां सायकलीर बसान तुज्या तळ्याक प्रदक्षिणा घालूक निघाली आसत..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"तळा उजव्या हाताक ठेवन जातली..."

"व्हय म्हाराजा!"

"आठ जणां निघाली, ती आठय जणां तुज्या पायाकडे सुखरूप परत हाड. कोणाच्या पायाक काटो लागाक देव नको..."

"व्हय म्हाराजा!" बाबांचा आवाज पहिल्यापासून मोठा. देवळाच्या तुळयांवरची पाखरं उडाली.

तीर्थ घेऊन बाहेर आलो आणि दादा एकदम थांबला. "गाडी!"

गाडी तर केव्हाच चढणीच्या वाटेला लागली होती. पंप, घागर, आंबोळ्या आणि आये, सगळं तळ्याच्या त्या अंगाने गेलं होतं, आणि आम्ही निघणार होतो या अंगाने. बाबांनी माझ्या सायकलीच्या हँडलवर हात ठेवला. "गाडी नाय, तर तू पण नाय. चल घराक."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागच आला खरा तर. देवीचा, गुरवाचा, त्या कोळशाच्या तळ्याचा. दादा काहीतरी पुटपुटला, पण बाबांपुढे त्याची मजल तेवढीच.

मागून गुरव आला. "हिका खंय नेतास? देवीक मी आठ सांगलंय. सात कशी धाडू?"

"चूक झाली, दुरुस्त कर," बाबा म्हणाले.

"गाऱ्हाणा दुरुस्त करूचा आसता काय? आणि व्हय म्हाराजा कोण म्हणालो? सगळ्यांत मोठ्यान तुमीच म्हणालास."

बाबांना बाजारात कोणी शब्दात पकडू शकत नसे. पण इथे शब्द देवीला दिलेला होता. त्यांनी गाभाऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हँडलवरचा हात काढला. "जा. पण दादाच्या फुडे जाव नको."

मी जी निघाले! सकाळचा गारवा, पोफळींच्या सावल्या आणि उजव्या हाताला झाडांतून चमकणारं पाणी. काष्टा घट्ट, पाय मोकळे. मेरेवर सायकली ढकलल्या, एका ओहोळात खांद्यावर घेतल्या. मुंबईकराचं पुढचं चाक पंक्चर झालं आणि पंप होता तळ्यापलीकडे, म्हणून तो शिटी खिशात घालून पायी चालला. मी मुळीच दया दाखवली नाही.

पलीकडच्या अंगाला, पोटात कावळे ओरडत असताना, समोरून घुंगरं ऐकू आली. गाडी आमच्याकडे तोंड करून येत होती. आये आंब्याखाली वाट बघून कंटाळली होती आणि पुढे निघाली होती. मला बघून तिने गाडी थांबवायलाही सांगितलं नाही, चालत्या गाडीतूनच उतरली.

"माका मगाशीच वाटलला, उलटी प्रदक्षिणा कशी घालतत ही पोरां?" ती म्हणाली. "पण म्हटला, देवीक इचारला असतला."

सगळा बेत आमच्या खळ्यात झाला होता आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. आम्ही तिच्याच आंबोळ्या खात तिच्याकडे बघत राहिलो. मग तिने गाडी वळवून घेतली. आता गाडी आमच्या मागे, तळं उजव्या हाताला, आणि बाबांची अट अर्ध्या वाटेवर का होईना, पुरी झाली.

दादाच्या पुढे जायचं नाही, हे मी चढणीच्या माथ्यापर्यंत पाळलं. चढण आता उतार झाली होती. खाली तळं पसरलेलं, कडेला देऊळ, आणि वाट सरळ तिकडे घसरत गेलेली. मी ब्रेकवर बोटं ठेवली आणि सायकल उताराला सोडून दिली. इतकी मोकळी मी त्याआधी कधीच नव्हते. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं आणि मी मोठमोठ्याने हसत होते.

देवळाच्या पायरीवर बाबा बसले होते. दुकानावर गेलेच नव्हते. मी त्यांच्यापुढे येऊन थांबले, ती सगळ्यांच्या आधी. आता ओरडा बसणार, हे नक्की. त्यांनी उठून सायकलचे दोन्ही ब्रेक दाबून बघितले. "लागतत," म्हणाले, आणि परत बसले.

बाकीचे आले, मागून गाडी आली, आये उतरली. गुरवाने पुन्हा डोळे मिटले. "बाय देवी माते, म्हाराजा! आठ धाडलंय, आठय जणां तू परत हाडलंस..."

"व्हय म्हाराजा!"

तो आवरतं घेणार, तेवढ्यात बाबा एक पाऊल पुढे झाले. हात जोडलेले, नजर देवीकडे, माझ्याकडे नाहीच. "आणि म्हाराजा, जूनपासून ह्या चेडू सायकलीन कट्ट्याक शाळेत जातला. तेका सांभाळ."

देवळात 'व्हय म्हाराजा' घुमलं, आणि या वेळी सगळ्यांत मोठा आवाज आयेचा होता.