बेसबॉलवाल्यांच्या कपाळी गंध

मंडळी, दुपारपासून जीव नुसता टांगणीला लागलाय.

साठच्या दशकात बाबांच्या अमेरिकन पत्रमित्रानं त्यांना दिग्रसला पोस्टकार्डं पाठवली होती, बेसबॉलच्या अगदी जुन्या खेळाडूंच्या सन्मानार्थ त्यांच्या चित्रांसह छापलेली. दोघं मित्र आता नाहीत. उद्या त्या मित्राची मुलगी ती कार्डं बघायला येतेय.

आज कार्डांचा डबा उघडला, तर रिकामा! कार्डं बाबांच्या फोटोजवळ ओळीनं मांडलेली, प्रत्येक खेळाडूच्या कपाळाला ओलं गंध.

"आई, हे काहून केलं?"

"आज सर्वपित्री नाही का? गेलेल्या माणसाचं कपाळ कोरडं कायले ठेवाचं?"

एकाचं गंध पुसलं, तर कपाळाचा रंगच गेला.

आई म्हणाली, "त्या पोरीले सांग, बापाचा फोटो असंन तं घेऊन ये. गंध झाकून ठेवलं हाये."

सांगा, बाकीच्यांचं पुसू, की राहू देऊ?