अप्पा कुणाशी बोलत होते?

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर वाचून हसते. पांढरी साडी, उलटे पाय, रिक्षातून उतरून गायब झालेली बाई... आमच्या माहेरी असल्या गोष्टींना थाराच नव्हता. वडील विज्ञानाचे शिक्षक. नवी वस्तू घ्यायची तर मुद्दाम अमावास्येला घ्यायचे आणि आई बिचारी कपाळाला हात लावायची. तेव्हा आधीच सांगून टाकते – माझ्या अनुभवात भूत नाही. घाबरायला म्हणून वाचत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल. पण जे झालं ते भर दुपारी, लख्ख उन्हात, माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि इतक्या वर्षांत मला त्याचा उलगडा झालेला नाही.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा हिवाळा. आम्ही तेव्हा अबुधाबीत राहायचो – मी, माझा नवरा मिलिंद आणि सात वर्षांची सई. मिलिंद एका कन्सल्टंटच्या ऑफिसात होता, मी घर सांभाळून एका ठिकाणी अर्धा दिवस अकाउंट्स बघायचे. त्या हिवाळ्यात माझे सासरे, अप्पा, भोरहून व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले होते. आले म्हणजे काय, आम्ही जवळजवळ उचलूनच आणलं होतं.

त्याआधीच्या उन्हाळ्यात सासूबाई गेल्या. आजारपण फार नव्हतं, पुण्याच्या हॉस्पिटलात आठवडाभर होत्या, तेवढंच. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या झाडावर कावळे भरपूर, पण एक खाली येईल तर शपथ. मिलिंदने हात जोडून सांगितलं, अप्पांना सांभाळतो. नणंदेने सांगितलं, तुझ्या तुळशीला पाणी घालते. चुलत सासऱ्यांनी तर भावकीतल्या विहिरीचं भांडण मिटवतो असंही कबूल केलं, जे त्यांनी अजून मिटवलेलं नाही. ऊन चढलं, लहान मुलं रडायला लागली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

माझा या सगळ्यावर विश्वास नव्हता, आजही नाही. कावळ्याचं पोट भरलेलं असेल, दुसरं काय? पण अप्पांच्या मनाने ते घेतलं. हिचं काहीतरी राहिलंय आणि ते मला कळत नाहीये, हे एकच त्यांच्या डोक्यात बसलं. अबुधाबीत आल्यावर पहिले काही दिवस ते मला विचारायचे, "तिचं काय राहिलं असेल गं?" मी आपलं काहीतरी उत्तर द्यायचे. मग त्यांनी विचारणंही सोडलं. बोलणंच सोडलं म्हणा ना. अर्धी पोळी, दोन घास भात, आणि ताट बाजूला. सई त्यांच्या मांडीवर जाऊन बसायची आणि म्हणायची, "Appa, say something." ते तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे, बस्स. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे नॉर्मल. पण माणूस आमच्या डोळ्यांसमोर वाळत चालला होता. व्हिसा संपला की ते भोरच्या घरात एकटे राहणार होते, आणि मग फार दिवस काढणार नाहीत हे मला आणि मिलिंदला, दोघांनाही कळत होतं. आम्ही ते एकमेकांना सांगत नव्हतो एवढंच.

त्यांना जरा बरं वाटायचं ते फक्त गाडीत. त्याचं असं झालं – मिलिंदच्या ऑफिसात एक फ्रेंच आर्किटेक्ट होता. त्याच्या देशात टेकड्यांच्या माथ्यावर जुनी दगडी गावं आहेत म्हणे, आणि तो सुट्टीत गाडी घेऊन निघतो, एका दिवसात एकच गाव, हॉटेल बुक नाही, फोटो नाहीत, नुसतं चालायचं आणि ओट्यावर बसायचं. मिलिंदला ती कल्पना फार आवडली. फ्रान्स आमच्या आवाक्यात नव्हतं, पण डोंगर काय, अमिरातीतही आहेत! मग आमचे शुक्रवार सुरू झाले. पहाटे निघायचं, दुबई मागे टाकून धैदवरून मसाफीकडे, आणि पुढे जो कच्चा रस्ता वर जाईल तो धरायचा. तिथे तासाला वीस-तीस किलोमीटरच्या वर गाडी न्यायची नाही असा मिलिंदचा नियम. मी चिडवायचे, बैलगाडी घेतली असतीस तर पेट्रोल वाचलं असतं. पण अप्पा पुढच्या सीटवर बसून खिडकीतून त्या उघड्याबोडक्या डोंगरांकडे बघत राहायचे आणि गावात उतरले की हात मागे बांधून चालायला लागायचे. त्यासाठी मी बैलगाडीतूनही गेले असते.

त्या शुक्रवारी आम्ही ज्या गावात गेलो त्याचं नाव मुद्दाम देत नाही, ज्या घरी हे झालं त्या घरची माणसं तिथे अजून असतील. मसाफीच्या पुढे दिब्ब्याच्या वाटेवर डावीकडे एक वाडी – म्हणजे कोरडी नदी – लागते, तिच्यातून वर चढत गेलं की टेकडीच्या माथ्यावर दहा-बारा दगडी घरं. खाली पायऱ्यापायऱ्यांची शेतं, थोडी खजुराची झाडं, झऱ्यावरून आणलेला पाण्याचा पाट. निम्मी घरं रिकामी होती, कारण सरकारने पायथ्याशी नवी घरं बांधून दिली होती. आम्ही पोचलो तेव्हा जुम्म्याच्या नमाजाची वेळ. पुरुष सगळे खालच्या मशिदीत गेलेले. शेळ्या सोडल्या तर गाव सुनंसुनं.

चढावर इंजिन तापलं होतं, म्हणून मिलिंद बॉनेट उघडून बसला. सई शेळ्यांच्या मागे. मी डब्यांची पिशवी काढली, बघते तर अप्पा नाहीत. वर गेले असतील म्हणून मी पायवाटेने चढायला लागले, आणि वळणावर मला त्यांचा आवाज ऐकू आला.

तुम्हाला कसं सांगू... पाच-सहा महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता. कुजबुज नाही, चांगला मोकळा, भोरच्या ओट्यावर बसल्यासारखा. एका घराच्या अंगणात बोरीच्या झाडाखाली चटई टाकलेली, तिच्यावर एक वृद्ध अरब बसलेले, शेजारी मुठीला छोटी कुऱ्हाड असलेली त्यांची काठी, आणि समोर अप्पा मांडी घालून. मध्ये गहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, किटली आणि खजूर. म्हाताऱ्यांची पाठ माझ्याकडे होती, अप्पांचा चेहरा मला दिसत होता. अप्पा मराठीत बोलत होते. थांबत होते, मान हलवत होते, "हो ना," "तेच तर," म्हणत होते, मध्येच एकदा हसलेसुद्धा. मग पुन्हा ऐकत होते. त्या बाबांचा आवाज मला येत नव्हता, मला वाटलं हळू बोलत असतील. अप्पांचा कप रिकामा झाला की बाबा भरायचे – तिथे कप हलवून 'पुरे' सांगायचं असतं, ते अप्पांना कुठून माहीत? यजमानाने वाढलेलं टाकायचं नाही म्हणून ते आपले पीत होते. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. मी भिंतीशीच थांबले. पुढे जायचा धीर झाला नाही.

तेवढ्यात एक पिकअप वर आली. चाळिशीचा माणूस उतरला, हातात झाकलेलं मोठं ताट. त्या बाबांचा मुलगा राशिद, नमाजानंतर वडिलांचं जेवण घेऊन आला होता. अनोळखी बाई दारात बघून तो क्षणभर बिचकला, पण मी हिंदीत माफी मागितली तसा हसला. पाहुणे आले, चांगलं झालं, म्हणाला. तोवर मिलिंद आणि सईही वर आले. मी म्हटलं, माझे सासरे तुमच्या वडिलांशी बोलत बसलेत, दोघांचं छान जमलंय.

राशिदने माझ्याकडे नीट बघितलं.

"मेरा बाबा बोलता नहीं, सिस्टर," तो म्हणाला. "चार साल हुआ. स्ट्रोक आया, आवाज़ खलास. दुबई में दिखाया, अबुधाबी में दिखाया. एक अक्षर नहीं निकलता."

मिलिंदने पुढे होऊन अप्पांना हे सांगितलं. अप्पांना पटेचना. "काय बोलतोस? आत्तापर्यंत तेच तर बोलत होते. मी आपला ऐकतोय." कुठल्या भाषेत, मिलिंदने विचारलं. अप्पा गोंधळले. त्यांनी बाबांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. "भाषा...? मला कळत होतं बुवा," एवढंच म्हणाले.

मग काय बोलले, ते त्यांनी सांगितलं, आणि मिलिंदने ते वाक्यावाक्याला हिंदी करून राशिदला सांगितलं. रस्ता व्हायच्या आधीची गोष्ट. बाबांची बायको आजारी पडली, ते आणि तिचा भाऊ तिला खाटेवर घालून डोंगर उतरत होते. खालच्या वळणावर खाट टेकवली तेव्हा तिने पाणी मागितलं – वरच्या झऱ्याचंच. परत चढायचं म्हणजे उशीर, म्हणून बाबा म्हणाले, आधी डॉक्टरकडे पोचू, खाली गेल्यावर पी. ती वाटेतच गेली. तेव्हापासून बाबा रोज झऱ्याचं पाणी आणून त्या वळणावरच्या दगडावर घालतात, आणि म्हणूनच खालच्या नव्या घरात राहायला जात नाहीत.

राशिद मटकन चटईवर बसला. दगडावर पाणी घालतात हे त्याला माहीत होतं, म्हातारपणाचा चाळा म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. खाली चला म्हणून तो वर्षानुवर्षं त्यांच्या मागे लागला होता. पण आईने पाणी मागितलं होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. तो तेव्हा शहरात नोकरीला होता, मामा पुढे वारला, आणि बाबा त्या विषयावर कधी बोलले नाहीत, आवाज होता तेव्हाही नाही. त्याने वडिलांचा हात धरून अरबीत काहीतरी विचारलं. बाबांनी डोळे मिटले आणि मान हलवली. हो.

मग अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यांनी मला विचारलं, तुमची शेवटी काय म्हणाली होती? मी म्हटलं, काही नाही. मी हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसलो होतो, तर म्हणाली, तुम्ही जाऊन जेवून या आधी. मी गेलोच नाही. बाहेर बाकावर बसून राहिलो आणि आत जाऊन म्हटलं, जेवलो. तिला काय, कळलं असणारच. हे त्यांना सांगितलं, आणि मग माझं मलाच ऐकू आलं गं."

मला हुंदका आवरेना. सगळ्या भावकीने नदीवर काय काय कबूल केलं होतं, आणि हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं! सासूबाईंना मी बारा वर्षं ओळखत होते. घरातलं शेवटचं माणूस जेवल्याशिवाय त्या पानावर बसायच्या नाहीत. त्यांचं दुसरं काय राहणार होतं?

अप्पांनी विचारलं, डब्यात काय आहे. पुऱ्या, बटाट्याची भाजी, दहीभात, लिंबाचं लोणचं. राशिदच्या ताटातला भात आणि मासे, आमचे डबे, सगळं एकत्र मांडलं. अप्पांनी मासा काही घेतला नाही, पण दहीभात दोनदा मागून घेतला. बाबांना लोणचं भलतंच आवडलं, बरणीच त्यांच्याकडे ठेवली. जेवताना दोघेही एक शब्द बोलले नाहीत, आता गरज नसावी.

नंतर मी याचा पुष्कळ विचार केला. दोन विधुर म्हातारे, हातवारे, चेहरे... थोडं त्यावरून कळलं असेल. दगडाकडे बाबांनी बोट दाखवलं असेल. उरलेलं अप्पांच्या स्वतःच्या मनातलं असेल आणि योगायोगाने जुळलं असेल. माझे वडील असते तर असंच म्हणाले असते, आणि मीही कदाचित तेच धरून बसले असते. अप्पा पुढे भोरला एकटे राहिले, स्वतः स्वयंपाक शिकले, चांगली नऊ वर्षं जगले. कुणी हा विषय काढला की चिडायचे, बोललो आम्ही, त्यात काय एवढं, म्हणायचे. पण निघताना जे झालं त्यापाशी माझे सगळे तर्क अडतात.

गाडीपर्यंत राशिद सोडायला आला होता. मिलिंदने गाडी सुरू केली, तरी तो अप्पांच्या खिडकीशी उभाच. मोठा धिप्पाड माणूस, पण लहान मुलासारखं चाचरत त्याने विचारलं, "बाबा का आवाज़... कैसा था?"

अप्पांना हिंदी जेमतेम यायची. त्यांनी जरा आठवलं. "भारी," ते म्हणाले. "मोटा आवाज़. और हर बात के आखिर में ऐसा –" आणि त्यांनी घशातून एक लहानसा हुंकार काढला, दोन तुकड्यांचा, खोकला अडल्यासारखा.

राशिदने डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढून घेतला. कितीतरी वेळ तो तसाच खिडकीला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "एक बार और करो ना, अंकल."

अप्पांनी पुन्हा केला.