खिडकीजवळच्या मुलीला उठवू नये

कात्रीबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं नव्हतं, हेडमास्तरांनी ठेवलं होतं. मुलांनी ठेवलेलं नाव याहून बरं होतं, पण टिकलं नाही. हेडमास्तरांचा आवाज मोठा. बाईंच्या पिशवीत एखाद्या दिवशी डबा नसेल, कात्री असायचीच. कारण कुठलाही धडा त्या सबंध शिकवत नसत. आधी त्याचे तीन तुकडे करत.

समजा, धडा आहे ‘आपला रस्ता: पूर्वी आणि आता’. इतर शिक्षक पुस्तक उघडतात, एकाला वाचायला उठवतात आणि स्वतः खुर्चीत विसावतात. बाईंचं तसं नव्हतं. पिवळ्या कार्डावर रस्त्याचं चित्र आणि दहा शब्द. ज्याला अक्षरं जेमतेम लागतात त्याने शब्द चित्राला जोडायचे. निळ्या कार्डावर पाच सोपी वाक्यं आणि अर्धवट सोडलेला नकाशा. पांढऱ्या कार्डावर कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या म्हाताऱ्या आईने सांगितलेली हकीकत आणि खाली प्रश्न: ‘आजी कुठे फुगवून सांगताहेत असं वाटतं? का?’ कार्डं भिंतीवरच्या तीन खिळ्यांना टांगलेली. एक झालं की मुलाने आपणहून उठायचं आणि दुसरं घ्यायचं. कुणाला विचारायचं नाही, हा वर्गाचा एकमेव नियम. तासाभरात अख्खा वर्ग त्या एकाच रस्त्यावरून जायचा, कुणी धावत, कुणी रांगत.

कार्डं कापून द्यायची बाईंची आई. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेली बाई, त्यामुळे हात सरळ. जीभ मात्र तिरकी.

“प्रत्येकाचं माप वेगळं असतं हे मला कळायला कुठल्या शाळेत जावं लागलं नाही,” ती कात्री चालवता चालवता म्हणायची. “तुमच्या खात्याला सांगायला मात्र तुझ्यासारखी पदवीवाली लागते.”

“खातं विचारतंय कुठे, आई?”

“विचारेल. फुकटचं दिसलं की सगळे विचारतात.”

म्हातारीची वाणी खरी ठरली. खात्याने विचारलं. हेडमास्तर स्वतः वर्गात आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “बाई, तुमचे धडे वहीत नीट लिहून काढा. असे लिहा की उद्या कुणीही उचलून शिकवावं.”

बाई हरखल्या. चौदा वर्षांत त्यांचं कौतुक करायला कुणी खुर्ची ओढून बसलं नव्हतं. दोन वर्षं खपून त्यांनी एकशेवीस धडे लिहिले, आणि पहिल्या पानावर झोकदार अक्षरात लिहिलं, ‘माणूस बदलला तरी धडा अडता कामा नये.’ आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. बाईंनी तो आधी शुद्धलेखन तपासून घेतला.

वह्या खात्यात गेल्या. त्याच वर्षी शाळेची पटसंख्या घसरली आणि एक शिक्षक जादा ठरला. कोण जादा, ते हेडमास्तरांनी ठरवायचं होतं.

“आता बघा,” ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, “दुसऱ्या कुणाला हलवलं तर त्याचा वर्ग कोण सांभाळणार? तुमचं तसं नाही. तुमचे धडे आता कुणीही शिकवू शकतं. तुमच्यावाचून अडत नाही, याहून मोठं यश शिक्षकाला कुठलं असतं?”

बाईंना हे वाक्य ओळखीचं वाटलं. त्यांचंच होतं ते.

बदली पाच तासांच्या वाटेवर झाली. “गरज सरो, वैद्य मरो,” आई म्हणाली. मग ट्रंक भरणाऱ्या लेकीकडे डोळे बारीक करून बघत राहिली. हल्ली ती सगळ्याकडेच डोळे बारीक करून बघायची. कार्डाच्या कडा वाकड्या यायला लागल्या तेव्हा बाई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या होत्या. डॉक्टरांनी वर्षभराची मुदत दिली होती, फार तर दीड वर्ष. त्यानंतर उजेड आणि अंधार एवढंच.

“परत यायचं असेल तर तोवर ये,” आई म्हणाली. “नंतर तुझं तोंड चांगलं आहे की सुजलेलं, मला काय कळणार? मग नुसता आवाज. आणि आवाज काही तुझा फार गोड नाही.”

परत येण्याची एक वाट होती. वर्षात तीन तपासण्या. तिन्हींना ‘उत्तम’ शेरा मिळाला तर बदलीच्या अर्जाचा विचार होई. बाईंनी मनाशी ठरवलं, वर्षभर मान खाली घालून राहायचं.

नव्या शाळेत पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात छापील पुस्तक ठेवलं गेलं. एकशेवीस धडे. ‘संकलन: समिती’. बाईंनी ते उभ्या उभ्या चाळलं आणि तिथेच बाकावर बसल्या.

धडे लिहिताना वहीच्या समासात त्या लाल पेन्सिलीने स्वतःपुरती टिपणं करत. जुन्या वर्गातला फळा डाव्या कोपऱ्यात फुटला होता म्हणून ‘डावा कोपरा वापरू नये’. एक मुलगी बोलताना अडखळायची आणि मुलं हसली की रडायची. ती खिडकीशी बसे म्हणून ‘खिडकीजवळच्या मुलीला वाचायला उठवू नये’. टंकलेखकाने लाल म्हणजे महत्त्वाचं असं समजून ही टिपणं ठळक अक्षरांत प्रत्येक धड्याच्या माथ्यावर छापली होती. आणि खात्याच्या सगळ्या शाळांत, धडधाकट फळ्यांचे डावे कोपरे कोरे राहू लागले होते.

पहिल्या तपासणीला निरीक्षक आला. कोवळा, कडक इस्त्रीचा. पुस्तकात बोट घालून मागच्या बाकावर बसला आणि पाचव्या मिनिटाला उठला.

“बाई, खिडकीजवळ मुलगी नाही.”

“मुलगे बसतात तिथे, साहेब. उंच आहेत, त्यांना वारा लागतो.”

“पण सूचना खिडकीजवळच्या मुलीबद्दल आहे. मुलगीच नसेल तर सूचना पाळली गेली हे मी कसं लिहू?”

बाईंना राहवलं नाही. “साहेब, ते टिपण माझं आहे. हे धडे मीच लिहिलेत. ती मुलगी अडखळायची, म्हणून—”

निरीक्षक मनापासून हसला. “प्रत्येक शाळेत एक जण मला हेच सांगतो, बाई. मागच्या आठवड्यात तर एका शिपायाने लिहिलेत म्हणे. ज्याने कुणी लिहिलंय, विचार करून लिहिलंय. डावा कोपरा बघा. डोळ्यांना विसावा मिळतो मुलांच्या. आपल्याला सुचलं असतं का?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“मग बसवा एखादीला. कायमची. मी कधीही डोकावेन.”

बाईंनी वर्गावर नजर फिरवली. कच्च्या मुलीला तिथे बसवावं तर तिचं वर्षच बुडेल. म्हणून त्यांनी सगळ्यात हुशार मुलीला बसवलं. दूधवाल्याची पोर. वाटेतल्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, रद्दीचे कागद, दिसेल ते मोठ्याने वाचत सुटायची. बाईंनी इथल्या भिंतीवरही तीन खिळ्यांना कार्डं टांगली होती, नियमही तोच; हिचं पहिल्या दिवसापासून पांढरं कार्ड. हिला काय फरक पडणार, बाईंनी स्वतःला समजावलं. शेरा मिळाला, ‘उत्तम’.

सुरुवातीला बाई दार लोटून घेत आणि तिला वाचायला लावत. मग एकदा व्हरांड्यात बूट वाजले आणि त्यांनी तिला वाक्याच्या मध्यावर खाली बसवलं. तो शिपाई निघाला. पण भीतीची सवय लागायला आठवडा पुरतो. हळूहळू बाईंची नजर खिडकीपर्यंत जायची आणि तिथून परतायची. पोर हात वर करून बसायची, एक दुखला की दुसरा. दुसऱ्या तपासणीचा शेरा, ‘उत्तम’.

मुलं काही आंधळी नसतात. “ए खिडकी!” त्यांनी नाव पाडलं. “खिडकीला वाचता येत नाही, खिडकी नुसती उघडझाप करते.”

“येतं मला!”

“मग बाई का उठवत नाहीत गं?”

याचं उत्तर पोरीकडे नव्हतं. बाईंकडे होतं, पण ते पाच तासांच्या वाटेवर दोन खोल्यांत बसून सुईत दोरा ओवायची खटपट करत होतं.

तिसऱ्या तपासणीला धडा होता तोच, ‘आपला रस्ता’. बाईंनी पुस्तकातली कार्डं स्वतः कापली होती, वाकडी. निरीक्षक मागे बसला. म्हाताऱ्या आजीची हकीकत कोण वाचणार, असं बाईंनी विचारलं आणि वर्गात एकच हात वर गेला. पांढऱ्या कार्डापर्यंत दुसरं कुणी पोचलंच नव्हतं.

“बाई, मी.”

बाईंनी दुसरीकडे पाहिलं.

“बाई, मला येतं. बाई, एकदाच.” पोर उभीच राहिली. “मी काय केलंय?”

निरीक्षकाने पेन उघडलं. बाईंना डोळे बारीक केलेला एक चेहरा दिसला. त्यांनी पुस्तकात पाहिलं, जणू तिथे काही नवीन लिहिलेलं असणार होतं, आणि म्हणाल्या, “खाली बस. तुला नाही विचारलं.”

मागून कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा वर्ग हसला. पोर बसली. बाईंनी मागच्या बाकावरच्या मुलाला उठवलं. तो आजीच्या पहिल्याच शब्दावर अडला आणि तास संपेपर्यंत तिथेच होता.

“उत्तम!” निरीक्षक व्हरांड्यात म्हणाला. “इतकी रडारड करून मुलगी उभी राहिली, तरी तुम्ही योजनेपासून हलला नाहीत. बाकी शाळांत शिक्षक पाघळतात हो.”

“साहेब, मग माझा अर्ज?”

“तोच सांगणार होतो. मी वर कळवतोय, या बाईंना इथून हलवू नका. नमुना वर्ग म्हणून दाखवायला असा वर्ग दुसरीकडे कुठे आहे? तिकडे तुमच्यावाचून काही अडत नाही. इथे अडतं.”

संध्याकाळी बाईंनी आईला फोन केला.

“काय म्हणाले?”

“पुढच्या वर्षी विचार करू म्हणाले.”

आई म्हणाली, “आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथे दळणारीला चांगलं दिसत होतं, तरी तेच.” आणि फोन ठेवताना, “पुढच्या वेळी येशील तेव्हा दारातूनच हाक मार. दचकायला होतं.”

सोमवारी बाईंनी पहिल्याच तासाला दार उघडं ठेवून खिडकीजवळच्या मुलीला हाक मारली. आता काय उरलं होतं राखायला? “ये, वाच बघू आजींची गोष्ट. सगळ्यांना ऐकू दे.”

पोर उठली. खिळ्यांपाशी गेली. पांढऱ्या कार्डांवरून, निळ्या कार्डांवरून हात न लावता पुढे गेली, पिवळं कार्ड काढलं आणि जागेवर येऊन शब्द चित्राला जोडायला लागली. तिने कुणाला विचारलं नाही. वर्गाचा नियमच तसा होता.